वाचकांचे प्रश्न : दोन टक्क्यांची यादी, एच-इंडेक्स आणि मालदांडी

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. शास्त्रज्ञाच्या कामाचं वजन आकड्यांत कसं मोजतात, आणि त्या आकड्यांवर किती विसंबायचं? सोलापुरातल्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी उभी नोकरी गेली. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची तयारी सुरू झाली की "मॅडम, तेवढी माझी सायटेशनं काढून द्या," म्हणत प्राध्यापक मंडळी काउंटरवर यायची. सायटेशन म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत यांच्या निबंधाचा दिलेला संदर्भ. तेव्हापासून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करायची म्हणते. तिला ज्यांच्याकडे पाठवायचं आमच्या मनात आहे, त्या सरांचा मोठा फ्लेक्स चौकात लागला आहे : ‘जगातील सर्वोत्तम दोन टक्के शास्त्रज्ञांमध्ये निवड’. मुलगी मात्र दुसऱ्याच एका मॅडमचं नाव घेते, ज्या कुठल्या यादीत नाहीत. ही यादी सरकार काढतं का? आणि सगळे एच-इंडेक्स, एच-इंडेक्स म्हणतात ते काय असतं?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी शंका फेडते. ही यादी सरकार काढत नाही. तिच्यासाठी कुणी अर्ज करत नाही, कुठली समितीही बसत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोअनिडिस आणि त्यांचे सहकारी ती तयार करतात. माहिती घेतात ती एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्कोपस’ या साठ्यातून. पहिली यादी २०१९ मध्ये आली, नंतर ती वेळोवेळी नव्याने येत राहिली. तेव्हा फ्लेक्सवर ‘निवड’ असं लिहिलं असलं तरी विद्यापीठाने कुणाला निवडलेलं नसतं. सगळ्यांचे आकडे मांडून संगणकाने क्रम लावलेला असतो.

हा क्रम सहा आकड्यांवरून लागतो. एकूण सायटेशनं किती, हा पहिला. एच-इंडेक्स दुसरा. सहलेखकांची संख्या हिशेबात धरून काढलेला एच-इंडेक्स तिसरा. उरलेले तीन आकडे लेखकाच्या जागेचे आहेत : एकट्याने लिहिलेल्या निबंधांची सायटेशनं, त्यात पहिल्या नावाचे निबंध मिळवून होणारी, आणि त्यात पुन्हा शेवटच्या नावाचे निबंध मिळवून होणारी. मला या यादीतला हा भाग सगळ्यात पटतो. पन्नास जणांच्या रांगेत मधेच कुठेतरी नाव घालून घेतलं, तर अशा हिशेबात फार वर चढता येत नाही.

विज्ञानाचे २२ विभाग आणि १७४ उपविभाग पाडलेले आहेत. एकूण क्रमवारीत पहिल्या एक लाखात असलेला, किंवा आपल्या उपविभागात वरच्या दोन टक्क्यांत असलेला संशोधक यादीत येतो. हे दोन टक्के, ज्यांचे किमान पाच निबंध स्कोपसमध्ये आहेत अशा संशोधकांमधले. शिवाय याद्या दोन असतात. एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एकाच वर्षात मिळालेल्या सायटेशनांची. फ्लेक्सवर बहुतेक वेळा यातली कोणती ते लिहिलेलं नसतं, आणि दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे. यादीची एक्सेल फाइल इंटरनेटवर फुकट मिळते. स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळल्यावर काय उरतं, त्याचाही रकाना तिच्यात आहे. मुलीला ती फाइल उतरवून घेऊन सरांच्या नावाची ओळ शेवटच्या रकान्यापर्यंत वाचायला सांगा.

यादीत नाव येणं कौतुकाचंच आहे. आपल्याकडे एखादं महागडं उपकरण नसतं म्हणून नमुने डबीत भरून कधी कोल्हापूर, कधी पुणे, कधी मुंबईला पाठवायचे आणि निकालाची वाट बघत बसायचं, असं काम इथली मंडळी करतात. त्यातून जगाने दखल घ्यावी असं काही उभं राहिलं, तर सरांचं अभिनंदन जरूर करा.

आता एच-इंडेक्स. होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा आकडा सुचवला. समजा एका बाईंचे सात निबंध आहेत आणि त्यांना मिळालेली सायटेशनं अशी : २५, १२, ९, ६, ५, ३, १. मोठ्याकडून लहानाकडे मोजत जा. पाचव्या निबंधाला पाच सायटेशनं आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणून त्यांचा एच-इंडेक्स ५. दुसऱ्या एका सरांचे पाचच निबंध, पण सायटेशनं अशी : ४००, ६०, ८, ५, ५. त्यांचाही एच-इंडेक्स ५. एकाची बेरीज ६१, दुसऱ्याची ४७८, आणि आकडा तोच! चारशे सायटेशनांचा तो एक निबंध कदाचित पूर्ण विषयाला वळण देणारा असेल, पण एच-इंडेक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. आणखी एक गोष्ट : हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, अगदी जगातून गेला, तरी वाढू शकतो. त्यामुळे पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या सरांचा एच-इंडेक्स सहा वर्षांपूर्वी रुजू झालेल्या मॅडमच्या एच-इंडेक्सशेजारी ठेवून काहीच कळत नाही. त्यात गुगल स्कॉलरवर एक आकडा आणि स्कोपसवर दुसराच दिसेल. स्कॉलर प्रबंध, परिषदांतले निबंध, पुस्तकं असं पुष्कळ काही धरतं; स्कोपस मात्र निवडून, पारखूनच घेतं. गुगल स्कॉलरचा आकडा त्यामुळे सहसा मोठा असतो. तुलना करायचीच तर दोघांचेही आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

पण तुमचा खरा प्रश्न मुलीने कुणाकडे जावं हा आहे, आणि त्याचं उत्तर या आकड्यांत नाही. तिला दोन संध्याकाळी संगणकासमोर बसवा. सर आणि मॅडम, दोघांचाही गेल्या चार-पाच वर्षांतला एकेक निबंध निवडा. गुगल स्कॉलरवर प्रत्येक निबंधाखाली ‘साइटेड बाय’ अशी ओळ असते, तिच्यावर टिचकी मारली की त्याचा संदर्भ देणारे सगळे निबंध समोर येतात. त्यातले सात-आठ उघडायचे आणि आपल्या निबंधाचा उल्लेख नेमका कुठल्या वाक्यात आला आहे ते शोधून वाचायचं. पुष्कळदा तो प्रस्तावनेतल्या पहिल्या परिच्छेदात सापडेल : ‘या पदार्थांवर अलीकडे बरंच काम झालं आहे’, आणि पुढे कंसात पंधरा क्रमांकांची माळ. हा नुसता रामराम आहे. कधी मात्र ‘नमुने तयार करण्यासाठी आम्ही अमुक यांची पद्धत वापरली’ असं वाक्य मिळेल. याचा अर्थ, कुठल्या तरी परक्या देशातल्या प्रयोगशाळेत सोलापूरची कृती कुणीतरी करून पाहिली आणि ती चालली. आणि क्वचित ‘अमुक यांचा निष्कर्ष आम्हाला तपासून पाहावासा वाटला’ असं सापडेल. पुढे तो खोडलेला असला तरी त्या कामाने कुणाला तरी विचार करायला लावलं. गणतीत हे तिन्ही उल्लेख एकेकच धरले जातात. ‘मॅडम, माझी सायटेशनं काढून द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी संख्येबरोबर अशी दोन-तीन वाक्यंही काढून द्यायचे, आणि बऱ्याच जणांना संख्येपेक्षा वाक्यांचाच आनंद जास्त व्हायचा.

मग गाईडच्या विद्यार्थ्यांकडे वळायचं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘शोधगंगा’ हे भांडार आहे, भारतभरच्या विद्यापीठांतले प्रबंध तिथे मोफत वाचायला मिळतात. गाईडच्या नावाने शोधलं की त्यांच्याकडे कोण कोण पीएच.डी. झालं ते दिसतं. त्या विद्यार्थ्यांची नावं निबंधांवर कुठे आहेत ते बघा. रसायनशास्त्रात ज्याने हाताने काम केलं त्याचं नाव पहिलं आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं शेवटी, असा सर्वसाधारण रिवाज आहे. ज्या गाईडच्या निबंधांवर विद्यार्थ्यांची नावं पहिली येतात आणि विद्यार्थी पुढेही स्वतःच्या नावाने लिहीत राहतात, तिथे मुलगी निर्धास्त पाठवावी. तुमच्या मुलीने त्या मॅडमचं नाव उगाच घेतलं नसेल. तिने कुणाशी तरी बोलून, प्रयोगशाळेत डोकावून ते ठरवलं असणार. तिला कारण विचारा आणि तिचं पूर्ण ऐकून घ्या.

प्रश्न : एका शोधनिबंधाला पाच हजार लेखक असल्याचं वाचलं. हे खरं आहे का? खरं असेल तर श्रेय कसं वाटायचं? आणि एकट्याने काम करणाऱ्याला आता किंमत राहिली नाही का?
— निवृत्त शिक्षक, अक्कलकोट

उत्तर : खरं आहे, गुरुजी. २०१५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाबद्दल एक निबंध आला. युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन गटांनी मिळून तो लिहिला. लेखक ५,१५४. एकूण ३३ पानं. त्यातल्या नऊ पानांत संदर्भांसह सगळं शास्त्र आटोपलं आणि उरलेल्या चोवीस पानांवर फक्त लेखकांची आणि संस्थांची नावं. तो प्रयोग इतक्या हातांशिवाय झालाच नसता, तेव्हा नावं देण्यात वावगं काही नाही. पंचाईत होते ती मोजताना. त्या निबंधाची सायटेशनं पाच हजारांपैकी प्रत्येकाच्या खात्यावर पुरीच्या पुरी जमा होतात.

यावर एक उपाय म्हणजे श्रेयाचे वाटे पाडून मोजणं. वर सांगितलेल्या यादीतला तिसरा आकडा तेच करतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. आता बरीच नियतकालिकं प्रत्येक लेखकाने काय केलं ते निबंधाच्या शेवटी छापतात. त्यासाठी चौदा भूमिकांची एक ठरलेली यादी आहे : मूळ कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, पैसा कुणी उभा केला, पहिला खर्डा कुणी लिहिला वगैरे. ‘क्रेडिट’ या नावाने ती ओळखली जाते. गुरुजी, आपल्याकडे प्रयोगशाळेत रात्र रात्र बसणाऱ्या मुलांच्या नावापुढे ‘प्रयोग’ हे छापून येणं फार मोलाचं आहे.

सहकार्याकडे नुसती संख्या म्हणून बघू नये असं मला फार वाटतं. परदेशी सहलेखक असलेल्या निबंधांना सरासरीने जास्त सायटेशनं मिळतात हे पुष्कळदा दिसून आलं आहे, म्हणून सगळ्यांनाच परदेशी नाव हवं असतं. मी मात्र असं बघते, की त्याच दोन गटांची नावं सहा-सात वर्षं पुन्हा पुन्हा एकत्र येतात का, आणि त्यात इथल्या माणसाचं नाव कधी पहिलं येतं का. शेतातले नमुने आमचे, उन्हातान्हात फिरणारी पोरं आमची, आणि निबंधात आमचं नाव मधे कुठेतरी चौथं-पाचवं, असं सहकार्य मी पाहिलेलं आहे. आकड्यांत ते ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ म्हणूनच नोंदलं जातं.

हंगेरीचे गणिती पॉल एर्डश यांनी सुमारे दीड हजार निबंध लिहिले, तेही पाचशेहून जास्त जणांबरोबर. एक छोटी बॅग घेऊन ते या गणितज्ञाच्या घरून त्या गणितज्ञाच्या घरी जात राहिले. गणिती लोक आजही ‘माझा एर्डश क्रमांक दोन’ असं अभिमानाने सांगतात, म्हणजे एर्डशबरोबर लिहिलेल्या कुणाबरोबर तरी मी लिहिलं आहे. गणितात लेखकांची नावं आद्याक्षरांच्या क्रमाने लावतात, त्यामुळे तिथे पहिलं नाव, शेवटचं नाव या हिशेबाला अर्थ नसतो.

आणि एकट्याच्या कामाचं विचाराल, तर आपल्याच मातीतले कापरेकर गुरुजी आठवा. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा गुण शोधला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे असलेली तेवढी नको. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, येईल तिच्यावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती, सहलेखकांचा ताफा नव्हता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. आज संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाची मुलं या संख्येवर प्रोग्रॅम लिहितात. ती कुणाला ‘साइट’ करत नाहीत, पण ‘कापरेकर’ हे नाव टाइप करतात.

प्रश्न : मॅडम, मी डाळिंबावरच्या तेल्या रोगावर पीएच.डी. केली. माझ्या निबंधांची सायटेशनं बोटावर मोजण्याइतकी आहेत. माझ्याच वयाच्या मैत्रिणीचा विषय नॅनो पदार्थांचा, तिची कित्येक शे. परवा मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "तुमचा एच-इंडेक्स किती?" आकडा सांगितल्यावर पुढे माझ्या कामाबद्दल कुणी काही विचारलंच नाही. माझ्या संशोधनाला काही किंमत नाही का?
— एक संशोधक, सांगोला

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

सायटेशन द्यायला आधी निबंध लिहिणारा माणूस लागतो. नॅनो पदार्थांवर जगभर प्रचंड संख्येने लोक लिहितात आणि प्रत्येक निबंधाच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ असतात. तेल्यावर, म्हणजे डाळिंबावरच्या जिवाणूजन्य करप्यावर काम करणारे जगात किती? केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात, राहुरीच्या कृषी विद्यापीठात, आणखी काही विद्यापीठांत मिळून मोजकेच लोक. त्या सगळ्यांनी तुझा निबंध वाचून संदर्भ दिला, तरी मैत्रिणीच्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही. म्हणून दोन शाखांचे कच्चे आकडे शेजारी ठेवू नयेत, हे या विषयातले जाणकार घसा कोरडा करून सांगतात. स्कोपसमध्ये शाखेच्या हिशेबाने काढलेला एक आकडा मिळतो. त्याच शाखेतल्या, त्याच वर्षाच्या आणि त्याच प्रकारच्या निबंधांची जागतिक सरासरी १ धरून तो काढतात. तुझ्या निबंधाचा १.४ आला, तर आपल्या शाखेच्या सरासरीपेक्षा चाळीस टक्के जास्त संदर्भ मिळाले. तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा आणि एवढं काढून माग. ग्रंथपालाचं ते कामच आहे.

आता आकडा मोठा असला म्हणजे काय, तेही बघ. सगळ्यात जास्त सायटेशनं मिळवणारा निबंध म्हणून ज्याचं नाव घेतात, तो ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा. द्रावणात प्रथिनं किती आहेत ते मोजण्याची पद्धत त्यात सांगितली आहे. तीन लाखांच्या वर सायटेशनं! पद्धत सोयीची होती, प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली गेली, म्हणून संदर्भ वाढत गेले. खुद्द लाउरींनाही तो आपला थोर निबंध वाटत नव्हता. उलट टोकाला रामन. १९२८ मध्ये रामन आणि कृष्णन यांनी आपल्या प्रकाशाच्या शोधाबद्दल ‘नेचर’ या नियतकालिकाला छोटासा मजकूर पाठवला. आज रसायन आणि भौतिकीच्या प्रयोगशाळांतून पदार्थ ओळखायला रामन वर्णपट काढतात, पण किती निबंधांच्या संदर्भयादीत तो १९२८ चा मजकूर असतो? शोध इतका अंगवळणी पडला, की त्याचा संदर्भ द्यायची कुणाला गरज वाटत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या गोष्टीकडे फार पूर्वी लक्ष वेधलं होतं.

आणि आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घे. मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण काढला गेला. स्वातंत्र्याच्याही आधीची गोष्ट. आज इतकी वर्षं झाली तरी रब्बीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तो उभा असतो, आणि आपल्या ताटातली भाकरी बहुतेक त्याचीच. रब्बी ज्वारीचा नवा वाण काढला की त्याची तुलना मालदांडीशी करायची, हा आजही शिरस्ता आहे. ज्वारीवरचे जे निबंध माझ्या हाताखालून गेले, त्यांत तक्त्याच्या तळाशी ‘तुल्य वाण : एम ३५-१’ अशी ओळ हमखास असायची. शेवटच्या संदर्भयादीत मात्र तो वाण निवडणाऱ्याचं काम मला क्वचितच दिसलं. पिढ्यान् पिढ्या ज्याच्याशी सगळे आपलं माप लावतात, त्या कामाच्या नावावर सायटेशनं जवळपास नाहीत. माझ्या ग्रंथालयात बसून मला याचं कायम वाईट वाटत आलं आहे.

शास्त्रात कुणी कुणाचा आधार घेतला हे शोधता यावं, म्हणून युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशन-सूचीची कल्पना मांडली. वकील मंडळी जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला ते शोधायला अशीच सूची वापरत, तिच्यावरून त्यांना हे सुचलं. १९६४ मध्ये त्यांची सूची प्रत्यक्ष आली. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ही त्यांच्याच कामातून निघाला : गेल्या दोन वर्षांत नियतकालिकात आलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती सायटेशनं मिळाली. तो नियतकालिकांना लावायचा आकडा. कोणती नियतकालिकं घ्यायची हे ठरवताना आम्हा ग्रंथपालांना त्याचा उपयोग होतो. तो माणसांना लावायला लागले, तिथून सगळं बिघडलं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी एक जाहीरनामा तयार केला, ‘डोरा’ म्हणतात त्याला. नेमणूक आणि बढतीसाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, निबंधात काय आहे ते वाचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

पुढच्या मुलाखतीसाठी एक पान तयार कर. पहिल्या भागात तुझ्या शाखेच्या हिशेबाने काढलेला आकडा. दुसऱ्या भागात तुझ्या निबंधाचा आधार घेणारी दोन वाक्यं जशीच्या तशी, कोणत्या निबंधात आली त्यासकट. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा : तुझ्या निष्कर्षातून एखादी शिफारस निघून ती चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त ‘अ‍ॅग्रेस्को’च्या बैठकीत मान्य झाली असेल, तर तिचं वर्ष आणि मजकूर. कृषी विज्ञान केंद्राच्या घडीपत्रिकेत तुझ्या निष्कर्षावरून फवारणीचं वेळापत्रक बदललं असेल, हस्त बहार धरण्याच्या सल्ल्याला तुझ्या आकडेवारीचा आधार दिला असेल, तर ती घडीपत्रिका सोबत जोड. फळावर तेलकट डाग पडून ते चांदणीसारखं तडकलं की शेतकऱ्याच्या पोटात काय कालवतं, हे सांगोल्याच्या पोरीला मी सांगायला नको. एच-इंडेक्स विचारला की आकडा सांग आणि लगेच ते पान पुढे कर. वाचणारा एक जरी माणूस समोर बसला असेल, तरी तुझ्या कामावर बोलणं सुरू होईल.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात : ‘स्कोपस जर्नलमध्ये तयार पेपर, दुसऱ्या लेखकाची जागा शिल्लक, इतके रुपये’. सोबत सायटेशन वाढवून देण्याचीही हमी. सगळेच करतात म्हणतात. काय करावं?
— सहायक प्राध्यापक, बार्शी

उत्तर : करू नका. सगळे करत नाहीत. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले. त्यातले आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशनगृहाचे होते, आणि अशा तयार मालाच्या कारखान्यांचा त्यात मोठा हात होता. मागे घेतलेला निबंध इंटरनेटवरून नाहीसा होत नाही. तो तुमच्या नावासह तिथेच राहतो, वर ‘मागे घेतला’ असा ठसा मारून. दोन टक्क्यांच्या यादीतही आता मागे घेतलेल्या निबंधांची माहिती देऊ लागले आहेत. विकत घेतलेल्या सायटेशनांचंही तेच. भलत्याच विषयाच्या निबंधांतून एकाच माणसाला एकदम चाळीस संदर्भ आले की ते नजरेत भरतं. क्लॅरिव्हेट कंपनी जास्त सायटेशनं मिळवणाऱ्यांची जी यादी काढते, तिच्यातून २०२३ मध्ये गणित हा पूर्ण विषयच अशा गैरप्रकारांच्या शंकेने वगळावा लागला. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या गणितज्ञांचंही नुकसान त्यात झालं, याचा मला संताप येतो. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढून विद्यापीठाच्या संशोधन विभागाला पाठवा.

प्रश्न : लग्नाआधीचे माझे चार निबंध माहेरच्या आडनावाने आहेत, नंतरचे सासरच्या. स्कोपसवर एका माझ्याच दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या आहेत! उलट गुगल स्कॉलरवर माझ्या नावाखाली भलत्याच कुणाचे तरी निबंध दिसतात. हे निस्तरायचं कसं?
— एक प्राध्यापिका, होटगी रोड

उत्तर : आपल्याकडे ही अडचण घरोघरी आहे. एस. एस. पाटील, ए. व्ही. कुलकर्णी अशा नावांनी शोधलं तर किती माणसांची कामं एकात मिसळलेली असतात, मी रोज बघत होते. बायकांचं तर लग्नाने कामच दुभंगतं, आणि एच-इंडेक्स दोन तुकड्यांत विभागून दोन्हीकडे कमी दिसतो.

आधी ऑर्किड क्रमांक काढा, म्हणजे नाव बदललं तरी संशोधकाची ओळख तीच ठेवणारा क्रमांक. सोळा अंकी, फुकट, दहा मिनिटांचं काम. २०१२ पासून ही सोय आहे. त्यात दोन्ही नावं नोंदवा आणि सगळे निबंध, जुने चार धरून, स्वतःच्या नावे जोडून घ्या. मग स्कोपसमध्ये दोन्ही प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. काही दिवसांनी पुन्हा उघडून खात्री करा. गुगल स्कॉलरवर आपल्या प्रोफाइलमध्ये जाऊन ‘नवे निबंध आपोआप जोडा’ हा पर्याय बंद करा, ‘जोडण्याआधी मला विचारा’ हा निवडा, आणि परक्या निबंधांसमोर खूण करून ते काढून टाका. ते तसेच राहू दिले तर उद्या कुणी तुमच्यावर दुसऱ्याचं काम लाटल्याचा आळ घेईल.

पुढचे निबंध कोणत्या नावाने द्यायचे हे तुम्ही ठरवा, पण एकच ठरवा. पहिले निबंध ज्या नावाने आले तेच चालू ठेवलेल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणी आहेत. आधार कार्डावर काहीही असलं तरी निबंधावरचं नाव तेच राहू शकतं. नाहीतर मधे माहेरचं आणि शेवटी सासरचं अशी जोडनावंही चालतात. निबंध पाठवताना अर्जात ऑर्किडचा रकाना असतो, तो तुमच्यासाठी सहलेखकाने भरला तर त्यातले सोळा अंक एकदा स्वतः ताडून बघा.